इंदूर की भोपाळ : गुन्ह्यांच्या तक्त्यावरून शहर ओळखता येतं का?

नालछा (जि. धार), प्रतिनिधी : बारावीचे निकाल लागले की मांडूच्या वाटेवरच्या गावांत एक प्रश्न हमखास निघतो. लेकरांना पुढच्या शिक्षणाला इंदूरला पाठवायचं की भोपाळला? फी, वसतिगृह, बसचं भाडं यांचा हिशेब पटकन होतो. गाडी अडते ती सुरक्षिततेपाशी. एक मामा सांगतो, इंदुरात रात्री चाकू चालतात. दुसरा म्हणतो, भोपाळ आठनंतर सुनसान, तिथे तर जास्त भीती. मग कुणीतरी मोबाईलवर ‘सर्वाधिक गुन्ह्यांची शहरं’ शोधतं आणि तिथे इंदूर दिसतं, भोपाळ दिसतच नाही. झालं, निकाल लागला!

हा निकाल खरा नाही. भोपाळ यादीत नाही याचं कारण तिथे गुन्हे कमी होतात असं नसून २०११ च्या जनगणनेत ते शहर थोडक्यात मागे राहिलं, एवढंच आहे.

एक यादीत, दुसरं यादीबाहेर

देशभरातल्या गुन्ह्यांचे आकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, दरवर्षी छापतो. २०१५ पर्यंतच्या अहवालांत दहा लाखांवरची ५३ शहरं असत. २०१६ पासून वीस लाखांवरची १९ महानगरंच घेतली जातात. २०११ मध्ये इंदूरच्या नागरी क्षेत्राची लोकसंख्या होती सुमारे २१.७ लाख, भोपाळची सुमारे १८.८ लाख. त्यामुळे मुंबई, पुणे, नागपूर, सुरत यांच्या रांगेत इंदूर बसलं आणि राज्याची राजधानी बाहेर राहिली. मध्य प्रदेशातून शर्यतीत एकच धावपटू उतरवायचा आणि मग ‘राज्यात पहिला’ म्हणून त्याचीच बातमी करायची, असा हा प्रकार. जिल्हावार तक्त्यांत भोपाळचे कच्चे आकडे सापडतात, पण महानगरांच्या तक्त्यात जो दर मिळतो तो तिथे नसतो.

त्या दरातही एक मेख आहे. दर म्हणजे एक लाख लोकसंख्येमागे किती गुन्हे. महानगरांसाठी त्यातला छेद अजूनही २०११ च्या जनगणनेचा आहे. नवी जनगणना २०२७ ला होणार आहे, तोवर हाच. गणित समजायला एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखाद्या प्रकारचे २१७ गुन्हे नोंदवले गेले, तर २१.७ लाखांवर दर येतो १०. शहरात प्रत्यक्षात ३१ लाख माणसं राहत असतील तर तोच दर ७ होतो. गुन्हे तेवढेच राहतात, शहर मात्र ‘सुधारतं’. जे शहर झपाट्याने वाढतं, त्याचा दर या पद्धतीने जास्त फुगतो. इंदूर तर २०१४ मध्ये आजूबाजूची २९ गावं महापालिकेत घेऊन बसलं आहे. कंपनीचा यंदाचा खर्च चौदा-पंधरा वर्षांपूर्वीच्या विक्रीने भागला तर कुठलाही ऑडिटर सही करणार नाही. इथे मात्र दरवर्षी होते.

शिवाय तक्ता मोजतो तो नोंदलेला गुन्हा. एका एफआयआरमध्ये चार कलमं असली तरी एनसीआरबी त्यातलं सर्वांत गंभीर तेवढंच धरते. ठाण्याने तक्रार लगेच लिहून घेतली तर आकडा वाढतो, टोलवली तर कमी होतो. गुन्हे वाढणं आणि नोंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा इशारा एनसीआरबी स्वतःच देते. तो वाचतो कोण?

आदेश निघाला की गुन्हा तयार होतो, हेही लक्षात ठेवायला हवं. १ जानेवारी २०२५ पासून इंदूर जिल्हा प्रशासनाने भीक देण्यावर बंदी आणली आणि त्याच महिन्यात भिकाऱ्याला दहा रुपये दिले म्हणून एफआयआर झाला. फेब्रुवारीत भोपाळनेही तसाच आदेश काढला. आदल्या वर्षी ज्याला दानधर्म म्हणत होते, ते आता आकड्यात.

व्यापाऱ्याचं शहर, फायलींचं शहर

दोन्ही शहरांमधलं अंतर १९० किलोमीटरच्या आसपास, पण पिंड अगदी वेगळा. इंदूर हे व्यापाराचं गाव. १८१८ च्या मंदसौर तहानंतर होळकरांची राजधानी तिथे आली आणि पुढे कापडगिरण्यांनी शहर मोठं केलं. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली. तिथल्या कामगारांची २२४ कोटींची थकबाकी मिळायला डिसेंबर २०२३ उजाडला. तोपर्यंत पैसा गिरणीतून निघून जमिनीत, कोचिंगमध्ये आणि खाण्याच्या दुकानांत गेला होता. राज्य लोकसेवा आयोग इंदुरात, हायकोर्टाचं खंडपीठ इंदुरात. त्यामुळे धार, झाबुआ, बडवानीची पोरं भंवरकुआच्या खोल्यांत अन् या जिल्ह्यांचे खटले इंदूरच्या वकिलांकडे.

भोपाळ बेगमांचं. १८१९ ते १९२६ या काळात तिथे लागोपाठ चार बेगमांनी राज्य केलं. संस्थान १९४९ मध्ये भारतात विलीन झालं आणि १ नोव्हेंबर १९५६ ला भोपाळ राजधानी झालं. मग भेलचा कारखाना, टी. टी. नगरची सरकारी घरं, अरेरा कॉलनी. जुनं शहर तलावाच्या एका अंगाला दाटीवाटीने, नवं टेकड्यांवर विखुरलेलं. ज्या मोठ्या तलावावर शहर तरतं तो बांधल्याचं श्रेय धारच्या राजा भोजाला जातं. धारकर हे सांगायला चुकत नाहीत.

या पिंडाचा गुन्ह्याशी संबंध आहे. इंदूर रात्री जागतं. सराफ्यात संध्याकाळी सोन्याची दुकानं बंद झाली की खाण्याच्या गाड्या लागतात, मध्यरात्र उलटली तरी बायका-पोरं सोबत असतात. ती गर्दी हाच तिथला पहारा. हाच अनुभव मोठ्या रस्त्यावर नेण्यासाठी सप्टेंबर २०२२ मध्ये बीआरटीएसच्या सुमारे साडेअकरा किलोमीटरच्या पट्ट्यात चोवीस तास दुकानं उघडी ठेवायला परवानगी मिळाली. पण सराफ्यात गर्दी कुटुंबांची, इथे दारू पिऊन फिरणाऱ्या टोळक्यांची झाली. मारामाऱ्या, तक्रारी, आंदोलनं झाली आणि जुलै २०२४ मध्ये परवानगी मागे घेतली गेली. उजेड आणि उघडं दुकान म्हणजे सुरक्षितता, हे गणित तिथे जुळलं नाही.

इंदूरचा दुसरा गुन्हा कागदावरचा, म्हणजे जमिनीचा. गृहनिर्माण संस्थांच्या नावावर प्लॉट विकायचे, पैसे घ्यायचे आणि ताबा द्यायचा नाही. अयोध्यापुरी आणि पुष्पविहार या वसाहतींतल्या प्लॉटधारकांना वर्षानुवर्षं फिरावं लागलं, २०२१ मध्ये प्रशासनाने मोहीम काढली तेव्हा कुठे ताबे मिळू लागले. धार जिल्ह्यातल्या किती निवृत्त शिक्षकांची पुंजी अशा प्लॉटांत अडकली असेल, ते त्यांच्या घरच्यांनाच ठाऊक. चाकूच्या घटनेची बातमी होते, प्लॉटच्या फसवणुकीची होत नाही. नुकसान कुणाचं जास्त?

भोपाळमध्ये पगारदार आणि पेन्शनर जास्त, म्हणून फसवणूक फोनवरून घरात शिरते. नोव्हेंबर २०२४ मध्ये अरेरा कॉलनीतल्या एका व्यावसायिकाला ठगांनी व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटके’त ठेवलं होतं. कॉल चालू असतानाच पोलीस दारात पोचले आणि सुटका केली. शहराच्या बाहेरचा प्रकार याहून मोठा. ऑक्टोबर २०२४ मध्ये भोपाळजवळच्या बगरोदा औद्योगिक भागातल्या एका कारखान्यातून ९०७ किलो एमडी जप्त झालं, सांगितलेली किंमत १,८१४ कोटी. पकडलेल्या दोघांपैकी एक भोपाळचा आणि एक नाशिकचा. राज्याची सीमा पोलिसांना असते, मालाला नसते.

गुन्हा कुठला, वही कुणाची?

शेजारच्या देवासात एकेकाळी एकाच गावात दोन संस्थानं होती, पवारांची थोरली पाती आणि धाकटी पाती. हद्द गल्ल्यांमधून जायची. आज पात्या गेल्या, पण हद्दीचा खेळ संपलेला नाही.

१२ जानेवारी १९२५ ला मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला यांचा खून झाला. मुमताज बेगम हिला पळवायला आलेली माणसं इंदूर दरबाराशी जोडलेली निघाली. खटला मुंबईत चालला आणि पुढच्या वर्षी तिसऱ्या तुकोजीरावांना गादी सोडावी लागली. इंदूरचं प्रकरण, नोंद मुंबईची.

व्यापमंचं कार्यालय भोपाळात, परीक्षा तिथूनच ठरायच्या. पण जुलै २०१३ मध्ये पीएमटीला बसलेले तोतये पकडले गेले इंदुरात आणि गुन्हा नोंदला राजेंद्र नगर ठाण्याने. पुढे एसटीएफ, २०१५ मध्ये सीबीआय. फायलींच्या शहरातला सर्वांत गाजलेला घोटाळा व्यापाऱ्यांच्या शहराच्या वहीत सुरू झाला.

आणि १९८४. २-३ डिसेंबरच्या रात्री युनियन कार्बाइडमधून वायू सुटला, हजारो माणसं मेली. गुन्हा हनुमानगंज ठाण्यात नोंदला गेला. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने आरोप निष्काळजीपणाच्या कलम ३०४-अ वर आणला आणि ७ जून २०१० ला भोपाळच्या न्यायालयाने भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली. तक्त्याच्या हिशेबाने गुन्हा एक. त्याच कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला बारा कंटेनरांतून आला तो आपल्या धार जिल्ह्यात, पिथमपूरला. लोक रस्त्यावर उतरले, दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. जूनअखेर तो कचरा इथे जाळून झाला. भोपाळच्या गुन्ह्याचा शेवटचा धूर कुणाच्या वहीत लिहायचा, यासाठी एनसीआरबीकडे रकाना नाही.

आयुक्तालय आल्याने काय बदललं?

९ डिसेंबर २०२१ ला दोन्ही शहरांत एकाच दिवशी पोलीस आयुक्तालय लागू झालं, भोपाळची ३८ आणि इंदूरची ३६ ठाणी त्यात आली. पुणे-नागपूरकरांना ही पद्धत १९६५ पासून सवयीची, मध्य प्रदेशला नवी. पहिले आयुक्त भोपाळला मकरंद देऊस्कर, इंदूरला हरिनारायणाचारी मिश्र. २०२३ मध्ये दोघांची अदलाबदल झाली. जमावबंदी, प्रतिबंधक कारवाई, जिलाबदर (आपल्या महाराष्ट्रातली तडीपारी) असे पूर्वी कलेक्टर कचेरीतून मिळणारे आदेश आता शहरापुरते पोलीसच काढू शकतात. याने पोलिसांच्या हालचालीला वेग आला. जिलाबदर केलेला इसम मात्र शहराबाहेर, म्हणजे बरेचदा शेजारच्या जिल्ह्यात येऊन बसतो, आणि ती डोकेदुखी धार-देवासच्या ठाण्यांना होते.

पाठवण्याआधी काय बघावं?

शहराचं नाव कमी, मोहल्ला जास्त बघावा. खोली कोणत्या ठाण्याच्या हद्दीत येते, क्लास सुटल्यावर परतीचा रस्ता कसा आहे, शेवटची बस किती वाजता, घरमालकाने किरायेदाराची माहिती ठाण्यात दिली आहे का. ही माहिती दिली नाही तर अडचण घरमालकाची होतेच, पण चौकशीला आधी बाहेरगावचा पोरगाच उचलला जातो. पैसे ऑनलाइन गेले तर नंबर १९३०, तोही तासाभरात लावलेला बरा.

हद्दीचा प्रश्न किती जीवघेणा ठरू शकतो हे भोपाळने ३१ ऑक्टोबर २०१७ ला पाहिलं. क्लासवरून परतणाऱ्या एका विद्यार्थिनीवर हबीबगंज स्टेशनजवळ सामूहिक बलात्कार झाला. दुसऱ्या दिवशी तिला आणि तिच्या घरच्यांना एका ठाण्यातून दुसऱ्यात पाठवलं गेलं, कारण जागा शहर पोलिसांची की रेल्वे पोलिसांची, हे ठरत नव्हतं. नंतर पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि डिसेंबरअखेर चारही आरोपींना जन्मठेप झाली.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने हद्दीचं कारण संपवलं आहे. दखलपात्र गुन्ह्याची तक्रार कुठल्याही ठाण्याने घ्यायलाच हवी, मग घटना इंदुरात घडलेली असो आणि तक्रारदार नालछ्यात, धुळ्यात किंवा जळगावात असो. याला झीरो एफआयआर म्हणतात. तक्रार ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. ठाण्याने नकार दिला तर लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते, तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. बलात्कारासारख्या गुन्ह्याची नोंद नाकारणाऱ्या पोलिसाला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा आहे. एफआयआरची प्रत मोफत मिळते. ती मागून घ्यावी आणि जपावी, कारण प्रकरण घटनेच्या ठाण्याकडे गेलं की तिथे त्याला वेगळा नंबर पडतो आणि पाठपुरावा करताना दोन्ही नंबर विचारले जातात.