गंज आणि घसारा

आमच्या करमाळ्यात माणसांना प्यायला पाणी पुरत नाही. पण वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीला गंजायला मात्र ते भरपूर मिळालं! वडील गेल्यापासून ती दारातल्या कडुलिंबाखाली उभी होती. बायको म्हणाली, "भंगारात घाला एकदाची." मी पडलो बी.कॉम. रीतसर घसारा काढला. पुस्तकी किंमत निघाली एक रुपया. पण कप्प्यात वडिलांच्या चष्म्याची डबी सापडली आणि सगळा हिशेबच चुकला.

शिवाय गाडी खानदानी. वालचंद हिराचंद जन्मले आपल्या सोलापुरात, १८८२ साली. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. पुढे त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या गाड्या होऊ लागल्या आणि १९७४ पासून त्याच गाडीला चितोडच्या राणीचं नाव मिळालं. मुंबईत टॅक्सी होऊन हिनं पिढ्यान्‌पिढ्या वाहिल्या. त्यातली शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. म्हणजे आमची पद्मिनी सोलापूरची माहेरवाशीणच! माहेरवाशिणीला कुणी भंगारात घालतं का?

नगर रस्त्यावरच्या डेंटरमामांना बोलावलं. त्यांनी दाराखालच्या पत्र्याला पेचकस लावला. तो आरपार गेला.

"सायेब, ह्यो पत्रा न्हाय, पापड हाय."

"पुट्टी भरून वर रंग मारला तर?" मी विचारलं. ताळेबंद देखणा दिसला की झालं, ही आमची मार्चअखेरची शिकवण.

मामा हसले. "ट्रकाला खाली वेगळी चेसी असती. हिला न्हाय. समदा भार ह्या पत्र्याच्या पेटीवर. गंज कातडीला न्हाय, हाडाला लागलाय."

मामांचं म्हणणं खरं होतं. इटलीत १९५३ साली फियाट ११०० आली तीच अशी, सांगाडा आणि अंग एकच असलेली. तिथं पुट्टी म्हणजे मोडक्या पायाला पावडर लावणं.

मग चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापाकापी झाली. थोडा जरी गंज राहिला तरी तो नव्या रंगाखाली पसरतो. लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि फुगून रंग उचलतो. खोक्याच्या पुठ्ठ्याचा नमुना कापला, त्यावरून तेवढ्याच जाडीच्या पत्र्याचं ठिगळ बेतलं. मामा गॅसचा एक टाका इथे घालत, दुसरा पार तिकडे. सलग घातले तर उष्णतेनं पत्रा वाकतो, लाटा येतात. मग आतून डॉली धरायची, वरून हातोडी, शेवटी रेड ऑक्साइड. मी बाजूला उभा राहून चहा पुरवत होतो. कारकुनाला तेवढंच जमतं.

जुना तुकडा उलटा करून मामा म्हणाले, "पाणी भायेर पडाया खाली भोकं असत्यात. ती कुणी बुजवली?"

भोकांत डांबर होतं. मला आठवलं. शाळेत असताना, गाडीत धूळ येऊ नये म्हणून, रस्त्याच्या कामावरचं डांबर आणून मीच ती बुजवली होती. वडील सगळ्यांना सांगत सुटले होते, "पोरगं डोकेबाज आहे हं!"

नव्या पेटीला भोकं ठेवली आहेत. दर पावसाळ्यात मी गाडीखाली आडवा पडून ती काडीनं साफ करतो. बायको विचारते, "एवढं काय बघता खाली?"

घसाऱ्याचं म्हणून सांगतो.