सरासरी आणि पोटाची भूक

भिलाईच्या सेक्टर ६ मध्ये रस्त्यांना क्रमांक आहेत आणि घरांनाही क्रमांक आहेत. पोलाद कारखान्याबरोबर वसलेल्या या वसाहतीत घर शोधायचे तर आकड्यांचाच आधार घ्यावा लागतो, आणि त्याचे भय कोणाला वाटत नाही. परंतु समाजशास्त्राच्या वर्गात आकडे फळ्यावर आले, ‘प्रमाण विचलन’ असा भारदस्त शब्द उच्चारला गेला, की विद्यार्थी बिचकतो. गणित सुटावे म्हणून कित्येकांनी कलाशाखेची वाट धरलेली असते. संख्याशास्त्र त्याच वाटेवर आडवे येते.

सूत्रांच्या घोकंपट्टीने हे भय जात नाही. माणसांच्या कोणत्या प्रश्नातून हे शास्त्र वापरात आले ते उमगले, म्हणजे ते ओसरू लागते. महाराष्ट्रातील सामाजिक संशोधनाचा इतिहास त्या दृष्टीने उत्तम पाठ होय.

पुण्यात १९३० साली गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी हाती घेतली. तिचा पहिला भाग १९४५ साली आणि दुसरा १९५२ साली प्रसिद्ध झाला. सगळे शहर न विचारता निवडक कुटुंबांवरून शहर जाणणे, ही तिची रीत. शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्या घरात वाढलेल्या विद्यार्थ्याला ‘नमुना’ ही कल्पना अपरिचित नाही. मात्र शिते भांड्याच्या एकाच कडेची घेतली तर परीक्षा चुकते. सेक्टर ६ मध्येही केवळ बाजाराजवळची घरे विचारली, तर कळेल ते बाजाराजवळच्या घरांपुरतेच.

याच संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. दरडोई दररोज २२५० उष्मांकांचा आहार ज्या खर्चात मिळू शकतो, ती त्यांनी दारिद्र्याची रेषा मानली. १९६०-६१ मध्ये ग्रामीण जनतेपैकी सुमारे ४० टक्के आणि नागरी जनतेपैकी सुमारे ५० टक्के लोक त्या रेषेखाली होते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

त्यावर पां. वा. सुखात्मे यांनी आक्षेप घेतला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचे काम दीर्घकाळ पाहिलेले हे संशोधक. त्यांचे म्हणणे असे की, निरोगी माणसाची गरजही दिवसागणिक कमीअधिक होते. सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी नव्हे. म्हणून कुपोषणाची मर्यादा सरासरीवर न धरता, तीतून प्रमाण विचलनाची दुप्पट वजा करून धरावी. या हिशेबाने कुपोषितांची संख्या पुष्कळच घटत होती. दांडेकरांना ते पटले नाही. त्यांच्या दृष्टीने मूळ प्रश्न उत्पन्नाचा, दारिद्र्याचा होता. हा वाद १९८० नंतरही चालू राहिला.

वर्गात हा वाद मांडावा आणि मग सूत्र लिहावे. सरासरीभोवती माणसे किती विखुरलेली आहेत, हे सांगणारा आकडा म्हणजे प्रमाण विचलन, एवढा अर्थ मग विद्यार्थ्याला सहज कळतो. त्याहून महत्त्वाचे असे की, फळ्यावरील त्या एका वजाबाकीने कोट्यवधी माणसे भुकेल्यांच्या यादीत राहतात किंवा यादीबाहेर जातात, हेही त्याला दिसते. ज्याला हे दिसले, त्याला ती वजाबाकी तपासून पाहिल्यावाचून राहवत नाही. समाजाचा अभ्यास करू पाहणाऱ्याने संख्याशास्त्र शिकावयाचे ते एवढ्यासाठीच.