जुना कॅमेरा घ्यावा का? सावेदादांच्या कॅमेऱ्याची दुसरी खरेदी

१/ आमच्या लासलगावात कोणतीही किंमत अखेर क्विंटलमध्ये मोजली जाते. गेल्या महिन्यात नाशिकला मी एक वापरलेला कॅमेरा पाहून आलो. कॅनन ५डी मार्क २, नुसती बॉडी, मागणी २२,००० रुपये. आप्पांनी त्या दिवसाचा १,२५० चा भाव धरून हिशेब केला आणि म्हणाले, "म्हणजे साडेसतरा क्विंटल कांदा. आणि वस्तू सतरा-अठरा वर्षांची जुनी?"

प्रश्न रास्त होता. उत्तर शोधताना मी मराठी माणसांनी विकत घेतलेल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या इतिहासात शिरलो. आजचा धागा त्याविषयी.

२/ आधी गरज सांगतो. जवळच्याच एका गावातील वाड्यात मोडी कागदांचे दोन रुमाल आहेत. रुमाल म्हणजे दप्तरखान्याच्या भाषेत कापडात बांधलेले कागदांचे गाठोडे. पावसाळ्यापूर्वी वाडा उतरवला जाणार आहे. कागद घराबाहेर नेण्यास मालकांची परवानगी नाही. छायाचित्रे तेथेच, माजघरातील अपुऱ्या उजेडात घ्यायची आहेत. भ्रमणध्वनीवर घेतलेल्या नमुन्यांत शाई फिकी असलेल्या ओळी लागत नव्हत्या. मोडीत एक वळण चुकले, तर शब्द बदलतो.

३/ आता इतिहास. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ झाला. मुंबईतील छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, या नव्या कलेने भारावले. त्यांनी लंडनहून २१ गिनींना कॅमेरा मागवला. २१ गिनी म्हणजे २२ पौंड १ शिलिंग. पौंडाला १५ रुपये या दराने सुमारे ३३० रुपये. १८९९ मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनमधील कुस्ती चित्रित केली आणि फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवली. डिसेंबर १९०१ मध्ये रँग्लर परांजपे मायदेशी परतले, त्या स्वागताचेही चित्रण त्यांनी केले.

४/ आपल्या विषयाशी खरा संबंध येतो तो त्यानंतर. १९०७ च्या सुमारास सावेदादांनी आपला कॅमेरा विकला. तो घेणारे होते करंदीकर, पाटणकर आणि दिवेकर. चित्रपटाचे तंत्र जेमतेम बारा वर्षांचे असताना या तिघांनी वापरलेले यंत्र का घेतले असेल? माझ्या मते त्या काळच्या बाजारात तो शहाणपणाचा सौदा होता. कॅमेऱ्याची रचना साधी होती : लाकडी पेटी, भिंग, हाताने फिरवायचा दांडा आणि फिल्म एकेक चौकट पुढे सरकवणारी यंत्रणा. शिवाय त्याने चित्रे काढून दाखवली होती. नव्या यंत्राविषयी जाहिरात बोलते. जुन्या यंत्राविषयी त्याने केलेले काम बोलते.

५/ पण यंत्र एकटे काम करत नाही. फेब्रुवारी १९०९ मध्ये पॅरिस येथे चित्रपट-उत्पादकांची परिषद भरली. जॉर्ज मेलिएस अध्यक्षस्थानी होते. तेथे ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मचे मानक मान्य झाले. अशा एका ठरावाने काही यंत्रांचे आयुष्य वाढते, तर काही सुस्थितीतील यंत्रे एका रात्रीत अडगळ ठरतात. कारण कॅमेऱ्याचे वय त्याच्या चाकांइतकेच बाजारात मिळणाऱ्या फिल्मवरही ठरते.

६/ पुढे या मंडळींनी 'सावित्री' हे कथाचित्र काढायला घेतले. चित्रपटाच्या इतिहासात असे सांगितले जाते की, फिल्म धुतल्यावर ती पूर्ण कोरी निघाली. दोष जुन्या यंत्रावर ढकलण्याचा मोह येथे होतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो आवरावा. कोऱ्या पट्टीला यंत्र, कच्ची फिल्म, रसायन आणि हाताळणारा हात असे चार संशयित असतात. पाटणकर मात्र खचले नाहीत. त्यांनी पुढे स्वतःची चित्रसंस्था काढली आणि मूकपटांच्या काळात नाव मिळवले.

७/ उलट बाजूचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातील, त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांचे. १९१२ मध्ये ते लंडनला गेले. 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांचा सल्ला घेतला, सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत काम पाहिले आणि मग ५० पौंडांना नवा विल्यमसन कॅमेरा घेतला. सावेदादांच्या कॅमेऱ्याच्या दुपटीहून अधिक किंमत! त्यासोबत त्यांनी कच्ची फिल्म आणि फिल्मच्या कडांना भोके पाडणारे यंत्रही मागवले, कारण त्या काळी फिल्म बिनभोकांची येई. फाळक्यांनी कॅमेऱ्यासोबत त्याची संपूर्ण साखळी विकत घेतली, हा माझ्या लेखी त्यांच्या खरेदीतील मोठा धडा. परतल्यावर कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीचे एकेक चौकट चित्रण केले, ते पाहून भांडवल देणारे पुढे आले, आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला.

८/ तिसरा मार्ग कोल्हापूरचा. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी कॅमेरा स्वतःच घडवण्याचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीने १९१८ पर्यंत चालता कॅमेरा तयार केला. 'सैरंध्री' १९२० मध्ये पुण्यात झळकला. ज्या गावात यंत्र उघडून पुन्हा जोडणारे हात असतात, तेथे यंत्र जुने होण्याची भीती कमी असते.

९/ या तीन कथांतून मी तीन प्रश्न घेतले आणि नाशिकला पुन्हा गेलो. यंत्राने आजवर किती काम केले? त्याची साखळी शाबूत आहे का? बिघडल्यास हात कोणाचे?

पहिले : या कॅमेऱ्याच्या शटरची क्षमता उत्पादकाने १,५०,००० वेळा उघडझापीची सांगितली आहे, याची मोजणी ८४,००० निघाली. दुसरे : बॅटरीचा प्रकार आजही सहज मिळतो, पण कार्ड जुन्या सीएफ पद्धतीचे, म्हणून कार्ड आणि रीडर यांचा खर्च सौद्यात धरला. तिसरे : कंपनीकडून सुटे भाग मिळतीलच अशी खात्री नाही, म्हणून दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला आधी विचारून घेतले.

१०/ आप्पा सोबत होते. त्यांना कॅमेऱ्यातले काही कळत नाही; लिलावातले सगळे कळते. बॉडीवरचे चकचकीत रबर पाहून ते म्हणाले, "ट्रॉलीच्या वरचा कांदा सगळेच चांगला लावतात. खाली करून बघ." मग मी भिंग अगदी लहान छिद्रावर ठेवून पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र घेतले. संवेदकावरचे धुळीचे ठिपके उघड झाले. ते साफ करून मागितले. भिंग झाकून लांब उघडझाप घेतली आणि जळालेले बिंदू तपासले. शेवटी सोबत नेलेल्या मोडी कागदाची झेरॉक्स दुकानाच्या कोपऱ्यातील मंद उजेडात टिपली. २१ मेगापिक्सेलच्या त्या चित्रात प्रत्येक वळण वाचता आले. सौदा १९,५०० ला ठरला.

११/ एक गोष्ट मात्र कोणताही कॅमेरा देत नाही. सावेदादांची ती कुस्ती आज आपण पाहू शकत नाही. 'सैरंध्री'ही नाही. मूकपटांच्या काळातील बहुतांश चित्रे नष्ट झाली. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले, तोवर फार उशीर झाला होता. म्हणून आम्ही घरात नियम केला आहे : त्या दिवशी टिपलेले कागद त्याच रात्री दोन निरनिराळ्या डिस्कवर उतरवायचे, मगच कार्ड रिकामे करायचे.

१२/ पहिला रुमाल पूर्ण झाला आहे : ३१२ पाने. दुसऱ्याला येत्या रविवारी सुरुवात. तुमच्या घरी असे कागद असतील आणि जुन्या कॅमेऱ्याचा विचार मनात असेल, तर वरचे तीन प्रश्न विचारा आणि खुशाल घ्या. पण तोवर हातात जे यंत्र आहे, त्याने पहिले पान आजच टिपून ठेवा.