मूर्तिजापूरचा सांधा

यवतमाळच्या रेल्वेचा विषय निघाला की शकुंतला गाडीच्या संथ चालीच्या आठवणी निघतात, आणि स्वातंत्र्यानंतरही तो मार्ग एका खासगी कंपनीच्याच मालकीचा कसा राहिला, याचे नवल केले जाते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण जिल्ह्याच्या वाट्याला नेमके काय आले हे त्यांतून कळत नाही. ते कळायचे तर मूर्तिजापूरच्या यार्डात जायला हवे. तिथे 762 मिलिमीटर मापाचा रूळ 1676 मिलिमीटरच्या रुळाशेजारी येऊन थांबत असे. यवतमाळला मार्ग मिळाला, पण तो देशाच्या जाळ्याला जोडला गेला तो अशा एकाच कमजोर सांध्यातून. शंभर वर्षांचे नुकसान त्या सांध्यात आहे, असे माझे म्हणणे आहे.

भुसावळहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला म्हणजे जीआयपी रेल्वेचा मोठा मार्ग अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, धामणगाव करत 1867 साली नागपूरला पोचला. तो आजच्या यवतमाळ जिल्ह्याच्या उत्तरेकडून निघून गेला. खामगाव आणि अमरावती या कापसाच्या पेठा मुख्य मार्गापासून दहा-पंधरा किलोमीटरच्या आतच होत्या, त्यामुळे त्यांना लवकरच आपापला ब्रॉडगेजचा फाटा मिळाला. यवतमाळ घाटावरचे आणि दूरचे. तिथला कापूस बंड्यांमध्ये भरून सुमारे 45 किलोमीटरवरच्या धामणगावला न्यावा लागे. पुढे किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने उभ्या केलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने 1910च्या दशकात मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हामार्गे यवतमाळपर्यंत सुमारे 113 किलोमीटरचा नॅरोगेज मार्ग नेला. त्याचा जुळा मार्ग अचलपूरकडे गेला. हा कापूस थेट मँचेस्टरला जाई, असे आवर्जून सांगितले जाते. पण त्या काळात वऱ्हाडच्या आखूड धाग्याच्या कापसाचे मोठे गिऱ्हाईक मुंबईच्या गिरण्या आणि जपान हे होते. मँचेस्टरहून आले ते इंजिन: 1921 साली तिथे बनलेले वाफेचे इंजिन या मार्गावर 1994 पर्यंत धावले.

मालकी कंपनीची असली तरी गाड्या चालवायचे काम जीआयपीचेच होते आणि पुढे ते मध्य रेल्वेकडे आले. म्हणजे मूर्तिजापूरला दोन्ही बाजूंचे रूळ एकाच व्यवस्थेच्या हाती होते. तरीही यवतमाळहून आलेली रुईची प्रत्येक गाठ एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवावी लागे. कागदावर मार्ग सलग होता, पण माल मात्र हमालाच्या पाठीवरून पलीकडे जाई. इंग्लंडने हा त्रास आधीच भोगला होता. ग्लॉस्टरला 1844 पासून दोन मापांचे रूळ एकत्र येत आणि तिथल्या मालाच्या उलाढालीचा गोंधळ इतका गाजला की पार्लमेंटने 1846 साली मापाचा कायदा केला. म्हणजे दोन मापे एका ठिकाणी मिळाली की काय होते, हे वऱ्हाडात नॅरोगेज टाकण्याच्या कितीतरी आधी माहीत होते.

हाच प्रश्न आज संगणकांच्या जाळ्यांतही जिवंत आहे आणि तिथे तो फार स्वच्छ दिसतो. दोन जाळी वेगवेगळ्या नियमांनी वाट ठरवत असतात. आरआयपी हा नियम मधले टप्पे मोजतो आणि पंधराच्या पुढचे ठिकाण अप्राप्य धरतो. ओएसपीएफ हा प्रत्येक दुव्याचा खर्च मोजतो, आणि तो खर्च बहुधा दुव्याच्या क्षमतेवरून ठरतो. दोन्ही नियम एकाच राउटरवर, म्हणजे जाळी जोडणाऱ्या यंत्रावर, चालू असले, तरी एका जाळ्याची माहिती दुसऱ्यात आपोआप जात नाही. एका नियमाने कळलेल्या वाटा राउटरला स्वतःला पक्क्या ठाऊक असतात, पण दुसऱ्या नियमाच्या जाळ्याला त्या कळवायच्या तर पुनर्वितरणाचा वेगळा आदेश द्यावा लागतो. पलीकडे जाताना मूळ मोजमाप हरवते. टप्प्यांचे खर्चात रूपांतर होत नाही, म्हणून नवा आकडा वेगळा ठरवावा लागतो. मूर्तिजापूर असाच राउटर होता. दोन्ही मार्ग त्याच्या अंगणात होते, पण एका मापाचा डबा दुसऱ्या मापावर जाऊ शकत नव्हता, आणि उतरवण्या-चढवण्यातला वेळ, मजुरी, नासधूस हा नवा आकडा यवतमाळच्या शेतमालाला लावला जात होता.

यावर पहिला आक्षेप असा की नॅरोगेज स्वस्त होता म्हणूनच तो आला. ब्रॉडगेजचा हट्ट धरला असता तर यवतमाळला काहीच मिळाले नसते. हा आक्षेप मी बऱ्याच अंशी मानतो. कापूस हंगामी माल, वर्षातले काही महिनेच दाट वाहतूक, तेव्हा कंपनीचा हिशेब चुकला होता असे म्हणता येणार नाही. शिवाय कारंजा ते दारव्हा जाणाऱ्या माणसाला सांध्याशी देणेघेणे नव्हते, आणि त्या गावांना या गाडीने दीर्घकाळ स्वस्त सेवा दिली. पण स्वस्त सुरुवात आणि कायमची तडजोड यांत फरक आहे. 1951 साली देशातील रेल्वे एका छत्राखाली आल्यावर मालकीचा जुना करार तसाच राहिला, आणि मापबदलाचा खर्च कोणी, कोणाच्या मालमत्तेवर करायचा हा गुंता दशकानुदशके सुटला नाही. दुसरा आक्षेप असा की शकुंतलेला ट्रकने मारले, सांध्याने नव्हे. पण ट्रक जिंकला कशावर? तो जिनिंगच्या दारातून गाठी उचलून थेट गिरणीच्या दारात उतरवतो, मूर्तिजापूरला माल खाली ठेवत नाही. त्यामुळे हा आक्षेप उलट माझेच म्हणणे पुरे करतो.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला वणी आहे. तिथे कोळशासाठी ब्रॉडगेज आला, पण त्याचे तोंड माजरीकडे, चंद्रपूरच्या बाजूला. एकाच जिल्ह्यात कापसाची रेल्वे आणि कोळशाची रेल्वे, आणि दोघींची जिल्ह्याच्या हद्दीत कुठेच गाठ नाही. वणीहून रेल्वेनेच यवतमाळला जायचे म्हटले असते तर माजरी, वर्धा, बडनेरा, मूर्तिजापूर असा अर्धा विदर्भ फिरून यावे लागले असते. मागासलेपणाची चर्चा करताना आपण किती किलोमीटर रूळ हा आकडा मांडतो. तो आकडा या दोन मार्गांची बेरीज करतो, पण त्यांच्यामधली दरी त्यात दिसत नाही.

28 फेब्रुवारी 2024 रोजी वर्धा ते कळंब हा ब्रॉडगेजचा टप्पा सुरू झाला. तो वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा भाग आहे. वर्ध्याला तो मुख्य मार्गाला त्याच मापाने मिळतो, म्हणजे तिथे गाठ खाली उतरवण्याची वेळ येणार नाही. यवतमाळच्या पुढे तो दारव्ह्यावरून जाणार आहे, आणि शकुंतलेचा जुना मार्गही दारव्ह्यावरूनच मूर्तिजापूरला जातो. जुन्या मार्गाचे माप बदलले तर दारव्ह्याला खरा तिठा तयार होईल: एक वाट वर्ध्याकडे, एक नांदेडकडे, एक मूर्तिजापूरकडे, आणि तिन्हींवर एकच डबा धावेल. ते झाले नाही तर दारव्ह्याला नवा रूळ येईल आणि मूर्तिजापूरच्या दिशेने जुना नॅरोगेज गवतात पडून राहील.