क्रूझवरील भोजन आणि हलकी बॅग

क्रूझसाठी बॅग भरताना खरा प्रश्न दिवसाच्या नव्हे, तर रात्रीच्या भोजनाच्या कपड्यांचा असतो. २००४ मध्ये सेवेत आलेल्या ‘क्वीन मेरी २’ या जहाजाच्या साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क अशा सात रात्रींच्या सफरीत साधारणतः दोन ‘गाला’ रात्री असतात. त्या वेळी मुख्य भोजनगृहात पुरुषांना डिनर जॅकेट किंवा गडद सूट-टाय आवश्यक. अन्यथा बुफे व मोजक्या दालनांवरच समाधान मानावे लागते.

मात्र औपचारिक राष्ट्रीय पोशाखही तेथे मान्य आहे, आणि भारतीय प्रवाशाची निम्मी अडचण इथेच सुटते. बंद गळ्याचा काळा कोट असला की टाय नको. त्याचीच पँट इतर रात्री कॉलरच्या शर्टावर चालते. महिलांना एक साडी आणि दोन निराळी ब्लाउज पुरतात. जड कांजीवरमपेक्षा न चुरगळणारी क्रेप बरी. कोट व बूट विमानात अंगावरच असावेत.

इस्त्री नेऊ नये. आगीच्या धोक्यामुळे बहुतेक जहाजांवर केबिनमध्ये तिला मनाई असते. ‘क्वीन मेरी २’वर प्रवाशांसाठी कपडे धुण्याची व इस्त्रीची स्वतंत्र सोय आहे, त्यामुळे तीन-चार शर्टांत निभावते.