गुण की योगायोग?

औषध घेतले आणि ताप उतरला, की घरातील वडीलधारी मंडळी समाधानाने म्हणतात, “गुण आला हो!” शेजारी एखादा चिकित्सक गृहस्थ बसलेला असला, तर तो हळूच पुस्ती जोडतो, “ताप तसाही तिसऱ्या दिवशी उतरणारच होता.” हा वाद फार जुना आहे, आणि एका रोग्यावरून तो कधीच मिटावयाचा नाही. मग तो किती रोग्यांवरून मिटेल? या साध्या प्रश्नाचे नेटके उत्तर हाती येण्यास विसावे शतक उजाडावे लागले. ते उत्तर डब्लिनच्या एका मद्याच्या कारखान्यातून निघून आमच्या झाडीपट्टीतील बाळंतिणीच्या खोलीपर्यंत कसे पोहोचले, ती हकीकत येथे सांगावयाची आहे.

प्रथम धानाची बांधी डोळ्यांसमोर आणा. एका बांधीत जुने बियाणे पेरले, दुसरीत नवे. नव्या बियाण्याचे धान जास्त उतरले. पण ती बांधी तलावाजवळची असेल तर? म्हणून दहा बांध्या जुन्याच्या व दहा नव्याच्या घ्याव्यात आणि दोन्हींची सरासरी काढावी. तरीही दोन सरासऱ्या अगदी सारख्या कधीच येत नाहीत. एकच बियाणे सगळीकडे पेरले, तरी बांधी-बांधीच्या पिकात थोडा चढउतार राहणारच. तेव्हा खरा प्रश्न असा, की दोन सरासऱ्यांतील तफावत या नेहमीच्या चढउताराच्या मानाने केवढी आहे? तफावत त्यात सहज मावत असेल, तर तो योगायोग असू शकेल. मावत नसेल, तर गुण आला असे म्हणण्यास आधार मिळतो.

हे माप ज्याने गणितात बसविले, तो विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस कंपनीत नोकरीस होता. जवाचे व मद्याचे थोडेसेच नमुने हाती असताना निर्णय कसा घ्यावा, ही त्याची रोजची अडचण. १९०८ साली त्याने त्यावरील निबंध प्रसिद्ध केला. पण नोकरांनी स्वतःच्या नावाने लेखन छापू नये असा कंपनीचा दंडक असल्याने त्याने ‘स्टुडंट’, म्हणजे विद्यार्थी, हे नाव घेतले. ही कसोटी आजही त्याच विद्यार्थ्याच्या नावाने ओळखली जाते. पुढे इंग्लंडातील रॉथॅमस्टेड येथील शेतकी संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी हा विचार वाढविला, आणि त्यांच्या १९२५ च्या ग्रंथाने तो जगभर नेला. कोणत्या वाफ्यात कोणते बियाणे हे माणसाच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठ्या टाकून ठरवावे, हा त्यांचा आग्रह होता.

मराठी माणसाचाही या कामात वाटा आहे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनला जाऊन हे शास्त्र शिकून आले. त्यांनी व विनायक गोविंद पानसे यांनी मिळून शेतकी संशोधकांसाठी लिहिलेला संख्याशास्त्राचा ग्रंथ १९५४ साली निघाला, आणि देशातील शेतकी महाविद्यालयांतून पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला.

येथवर सगळा कारभार पिकांचा होता. आता बांधीच्या जागी गाव ठेवा, आणि धानाच्या जागी तान्हे मूल.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चांदा जिल्ह्याचा पूर्वेकडील भाग वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला. धान, मोह, तेंदू आणि दाट जंगल ही त्याची संपत्ती. पावसाळ्यात नाले भरले, की गावे तुटत. १९८६ मध्ये डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी येथे ‘सर्च’ ही संस्था उभी केली. पहिला मोठा प्रयोग न्यूमोनियाचा. १९८८ पासून ५८ गावांत कार्यकर्ते व दाया यांना मुलांचा न्यूमोनिया ओळखून औषध देण्यास शिकविले, आणि ४४ गावे तुलनेसाठी ठेवली. औषधाच्या गावांतील बालमृत्यू स्पष्टपणे कमी झाले. हा निबंध १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला.

पण जन्मल्यापासून अठ्ठावीस दिवसांच्या आत दगावणाऱ्या अर्भकांचे काय? दवाखाना दूर, आणि बाळंतीण व बाळ घराबाहेर काढू नये ही रीत. म्हणून दवाखान्यानेच घरी जावे असे ठरले. ३९ गावांतील स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकविण्यात आले. बाळ गुदमरले तर श्वास चालू करणे, कमी वजनाच्या बाळाला ऊब देणे, अंगावर पाजण्यातील अडचणी सोडविणे, आणि जंतुदोष झाल्यास इंजेक्शनसुद्धा देणे. तुलनेच्या ४७ गावांत सरकारी आरोग्यसेवा होती तशीच चालू राहिली.

गावांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. म्हणूनच प्रयोगापूर्वीच्या दोन वर्षांच्या मोजणीला फार मोल आहे. १९९३ ते १९९५ या काळात दर हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू एका गटात ६२, तर दुसऱ्यात ५८ होते. मृत्युदर हीदेखील एक सरासरीच. आणि या दोन सरासऱ्या जवळजवळ सारख्या होत्या. मग १९९५ पासून आरोग्यदूत घरोघर जाऊ लागल्या. तिसऱ्या वर्षी त्यांच्या गावांतील ६२ चा आकडा २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत घट झालीच नाही. तेथील बदल हिशेबात धरता निव्वळ घट ६२.२ टक्के भरली. मुळात काहीच गुण नसता, तर एवढी तफावत निव्वळ योगायोगाने पडण्याचा संभव हजारात एकाहून कमी होता. १९९९ साली हे सारे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

वाचकांपैकी एखादी माउली येथे विचारील, “आणि त्या ४७ गावांतील लेकरांचे काय?” प्रश्न रास्त आहे. त्या गावांतील प्रत्येक मृत्यूची नोंद झाली, आणि तीतील प्रत्येक आकडा एक रिकामा पाळणा होता. उत्तर एवढेच, की खेड्यातील बाईच्या हातून हा उपचार साधतो हे तेव्हा सिद्ध झाले नव्हते. आणि ती गावे नसती, तर ३९ गावांचे यश कोणीही चांगल्या पावसाच्या किंवा नव्या सडकेच्या पदरात टाकले असते. हे उत्तर बुद्धीला पटते. मनाची टोचणी मात्र पुरती जात नाही, आणि जाऊही नये. ज्यांना काही मिळाले नाही, त्यांनीच साक्ष दिली. त्या साक्षीच्या बळावर २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी नवजात बाळासाठी गृहभेटींची शिफारस केली, आणि २०११ पासून भारत सरकारने हे काम देशभरच्या आशा कार्यकर्त्यांकडे सोपविले.

शेवटी एक हिशेब. १९९७-९८ या वर्षी ज्या बाळांची अशी काळजी घेतली गेली, त्यांत दर अठरा बाळांमागे एक मृत्यू टळला. त्या अठरांतले ते एक कोणते, हे गणित सांगू शकत नाही. त्याच्या आईलाही ते कधी कळले नाही. ती मुले आज पंचविशी ओलांडून गेली आहेत. कोणी रोवणीला वाकत असेल, कोणी स्वतःचे लेकरू मांडीवर घेऊन दिवाळीची पणती दाखवीत असेल. आपण त्या अठरांतले एक आहोत, हे त्याच्या ध्यानीमनीही नसेल.