रॅलेचं जन्मसाल

आमच्या घरात एक दंतकथा होती. "१९४९ साली घेतलेली, थेट विलायतेहून आलेली, तीन गिअरची रॅले!" आजोबा हे वाक्य इतक्या वेळा म्हणायचे की आम्हा नातवंडांना ते पाढ्यांसारखं पाठ होतं. आजोबा गेले, पुढे वाडाही पाडायचा ठरला आणि जिन्याखालची ती सायकल माझ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये येऊन पडली. वॉचमननं पहिल्याच दिवशी विचारलं, "साहेब, भंगारवाल्याला बोलावू का?"

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. जुना कोड हातात आला की आधी तो कधीचा आहे ते बघायची खोड. म्हटलं, सायकलचंही तसंच करू. शनिवारी सकाळी रॉकेल, जुना बनियन आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन मागच्या चाकासमोर बसलो. हबवरचा काळा थर निघाला आणि खालून अक्षरं वर आली. स्टर्मी-आर्चर, एडब्ल्यू, आणि शेजारी दोन आकडे : ५४ आणि ११.

हे आकडे म्हणजे त्या हबचा जन्मदाखला. स्टर्मी-आर्चर कंपनी गिअरच्या हबवर तयार झाल्याचं साल आणि महिना ठोकायची. म्हणजे हे नोव्हेंबर १९५४. मग १९४९ ची दंतकथा गेली कुठे? मी लगेच फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, वर शेरा : "आजोबांची थाप उघडकीस!" दहा मिनिटांत आत्याचा फोन. त्याबद्दल पुढे सांगतो. आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय माझी चूक कळणार नाही.

रॅले हे नाव नॉटिंगहॅममधल्या रॅले स्ट्रीट या रस्त्याचं. तिथल्या एका छोट्या कारखान्याची सायकल १८८७ मध्ये फ्रँक बाऊडेन नावाच्या श्रीमंत गृहस्थानं घेतली, आवडली म्हणून त्या कारखान्यातच पैसे घातले आणि पुढे तो ताब्यात घेतला. १९०२ मध्ये हेन्री स्टर्मी आणि जेम्स आर्चर यांच्या नावांनी तीन गिअरच्या हबची पेटंटं निघाली आणि ती बाऊडेनच्या हाती आली. एडब्ल्यू हे मॉडेल १९३६ चं. त्याची रचना बघून मी तर सपाट पडलो. मधे २० दात्यांचं चाक, भोवती फिरणारी छोटी चाकं, आणि त्यांच्या बाहेर ६० दात्यांचं कडं. वीस भागिले साठ म्हणजे एक तृतीयांश. म्हणून वरचा गिअर ३३ टक्के वेगवान, खालचा २५ टक्के हळू, आणि मधला सरळ. एकाच गुणोत्तरातून तिन्ही गिअर! इतका नेटका कोड मी आयुष्यात लिहिलेला नाही.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर सायकली देशातच बनवायचं वारं आलं. मुंबईत वरळीला हिंद सायकल होतीच. १९४९ मध्ये मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स उभी राहिली, १९५१ मध्ये सोनीपतला अ‍ॅटलास, आणि बंगालमध्ये असनसोलला रॅलेच्या भागीदारीत सेन-रॅले. तिथे १९५२ पासून सायकली बनायला लागल्या. (हिंद आणि सेन-रॅले या दोघींचं राष्ट्रीयीकरण १९८० साली एकाच कायद्यानं झालं.) म्हणजे आपल्याकडे जुनी 'रॅले' सापडली तर पहिला प्रश्न हाच : नॉटिंगहॅमची की असनसोलची? हबवर १९५४ दिसल्यावर मला वाटलं, सायकल असनसोलची असणार, आणि आजोबांनी 'विलायती'चं शेपूट नंतर जोडलं असणार.

आता आत्याचा फोन.

"अरे, शहाणा आहेस का तू? नाना कधी खोटं बोलले? तुला पूर माहीत आहे ना?"

पूर म्हणजे पानशेतचा. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. आत्या तेव्हा अकरा वर्षांची. आजोबांनी सगळ्यांना वरच्या मजल्यावर नेलं, पण सायकल खाली खांबाला साखळीनं बांधलेली तशीच राहिली. पाणी ओसरल्यावर ती गाळात आडवी सापडली. वाड्याची एक तुळई मागच्या चाकावर पडून त्याचा पार द्रोण झाला होता.

"मग नानांनी मुंबईहून कुठून तरी जुनं गिअरचं चाक आणून बसवलं. आईनं केवढी कटकट केली होती, घरात भांडी नाहीत आणि यांना गिअर हवेत म्हणून!"

मी परत खाली गेलो. आता जे दिसलं ते आधीही दिसलंच होतं, फक्त मी वाचलं नव्हतं. पुढच्या रिमला मधे काळा पट्टा आणि त्यावर सोनेरी रेघ, मागची रिम मात्र नुसती चकचकीत क्रोमची. दोन चाकं एका कारखान्यातून एकत्र निघालेली नाहीतच! हबवरचं साल हे हबचं साल असतं, सायकलचं नाही. एका फाइलची तारीख बघून अख्ख्या प्रोजेक्टचं वय सांगणाऱ्या ज्युनिअरला मी हपीसात झापला असता.

तर मंडळी, जुनी सायकल ओळखायची तर एका खुणेवर भरवसा ठेवू नका. हबवरचं साल बघा, पण रिमा जोडीच्या आहेत का तेही बघा. फ्रेमचा नंबर बघा, पण रॅलेचे नंबर सरळ एका ओळीत चढत गेलेले नाहीत, त्यामुळे त्यावरून साल काढताना जपून. पुढचा बिल्ला असेल तर उत्तम. आमच्या सायकलीला नुसती रिव्हेटची भोकं उरली आहेत. पायडलाच्या धुरीची वाटी खोलली तर तिचे आटे मोजा. इतर इंग्लिश सायकलींना इंचाला २४, रॅलेला २६. आमच्या मेस्त्रींनी बाजारातली नवी वाटी लावून पाहिली, ती दोन वेढ्यांत अडकली. "साहेब, जबरदस्ती केली तर फ्रेम जाईल," असं म्हणून त्यांनी जुनीच वाटी धुऊन परत बसवली. त्या एका वाक्याबद्दल मी त्यांना जन्मभर चहा पाजायला तयार आहे.

फ्रेम रॅले घराण्याची, एवढं त्यावरून ठरलं. नॉटिंगहॅम की असनसोल हे मात्र आट्यांवरून ठरत नाही. पण आत्याच्या कपाटात आजोबांच्या डब्यात सायकल-कराचा पितळी बिल्ला निघाला, १९४९-५० चा. म्हणजे असनसोलच्या आधीपासून त्यांच्याकडे सायकल होती. ती हीच, असं बिल्ला सांगत नाही. ते आत्या सांगते. मी आता आत्यावर विश्वास ठेवायचं ठरवलंय.

मग किंमत किती? भंगारवाला किलोच्या भावानं न्यायला तयार होता. एका कॅफेवाल्यानं आठ हजार सांगितले, भिंतीवर टांगायला. संग्राहकांचा खरा पैसा जातो तो शर्यतीच्या हलक्या सायकलींकडे, रेनॉल्ड्स ५३१ नळीच्या फ्रेमला आणि कॅम्पान्योलोच्या सामानाला. आपली काळी रोडस्टर रॅलेनं लाखांनी बनवली, आणि हिचं तर चाकही बदललेलं. म्हणजे बाजाराच्या हिशोबात हिची किंमत त्या चाकामुळे कमी होते. आमच्या घरात ही सायकल ओळखली जाते ती नेमकी त्याच चाकामुळे, तीन गिअरची म्हणून.

दुरुस्तीत म्हणूनच हात आखडता घेतला. सगळे म्हणाले, पावडर कोटिंग कर, नवी दिसेल. नाही केलं. नवा रंग एकदा चढला की सोनेरी रेघा आणि खांबाच्या साखळीनं पडलेले ओरखडे कायमचे गेले. क्रोमचा गंज ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या पातळ पाण्यानं काढला (हातमोजे घाला, आणि मुलांपासून लांब ठेवा). रंगाला फक्त मेण. कॉटर पिना निघेनात, त्यांना दोन दिवस तेल पाजलं आणि क्रँकखाली लाकडाचा ठोकळा देऊन एकेक घाव घातला. हबमध्ये जुन्या तेलाचा डिंक झाला होता, तो रॉकेलनं धुऊन पातळ तेल सोडलं. २८ × १½ चे टायर मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाले. आपल्याकडे अजून या मापाच्या सायकली चालतात, हे केवढं भाग्य!

आणि हो, फ्रेमची उभी नळी उलटी करून ठोकली तेव्हा चिमूटभर बारीक, राखाडी माती पडली. ती पानशेतचीच, असं मी ग्रुपवर लिहिणार नाही. एकदा तोंड पोळलंय. पण एका काड्यापेटीत घालून ठेवली आहे.

गेल्या रविवारी आत्याकडे सायकलनं गेलो. तार नीट ताणली नसेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मधे पायडल नुसतं मोकळं फिरतं, हे भर चौकात शिकलो. पहिला गिअर एकदम मुका, दुसऱ्या-तिसऱ्यात हब टिकटिक करतं. आत्या गॅलरीत उभी होती. म्हणाली, "आवाज तोच आहे रे. नाना आले की जिन्यातच कळायचं." मग खाली येऊन तिनं सीटवरून हात फिरवला आणि म्हणाली, "ग्रुपवर माफी लिहिलीस का?"

लिहिली. बरोबर दोन्ही रिमांचे फोटोही टाकले.